घरगुती गिटारवादन : लक्षणे व सवयी

गिटारवादकाच्या घरातल्या बहुतेक सवयींचे मूळ एकाच गोष्टीत आहे : गिटार हाताशी असते. तबल्याला चुंबळी लागतात, हातोडी लागते, पावडर लागते. सतारीला सतरंजी, मांडी आणि बोटात चढवलेली मिजराब लागते. पेटीवरची खोळ काढून भाता मोकळा करेपर्यंतसुद्धा आपण आता रियाजाला बसतो आहोत याची जाणीव माणसाला होतेच. गिटारचे तसे काही नाही. ती पलंगावर आडवी पडलेली असते, वजनाने दोनेक किलो, आणि तिला घेऊन बसता येते तसेच उभे राहता येते, लोळता येते, घरभर हिंडताही येते. त्यामुळे सराव केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला हे घरात कोणालाच, खुद्द वादकालाही, सांगता येत नाही. कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिटीच्या मध्ये होतो तो सराव. गॅस एजन्सीने फोन होल्डवर ठेवला असताना होतो तोही सराव. घरातल्यांच्या बोलण्यामागे मंद पार्श्वसंगीत देणे हाही सरावच, आणि विजेच्या बिलावरून चाललेल्या चर्चेला ई मायनर कॉर्डमुळे जी करुण छटा येते ती दुसऱ्या कोणत्याही वाद्याने येत नाही.

बैठकीचे शास्त्र पुस्तकात सरळ आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारसाठी हात नसलेली खुर्ची घ्यावी, पाठ ताठ ठेवावी आणि डावा पाय साधारण 15 सेंटिमीटर उंचीच्या छोट्या तिवईवर ठेवावा. मराठी घरात तिवईचे काम पाटावर भागते. पाट सापडला नाही तर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घेतला जातो, त्यावर पाय ठेवण्याला घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत येते आणि गठ्ठा परत माळ्यावर जातो. पहिला महिना सरला की खुर्ची, पाट, ताठ पाठ हे सगळेच सुटते आणि वादक पलंगाच्या कडेवर येऊन स्थिरावतो. ही जागा मोठ्यामोठ्यांनी मान्य केलेली आहे. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन तरुणपणी पलंगाच्या कडेवर वाजवत बसत. थोरला भाऊ संध्याकाळी मजा करायला बाहेर पडे आणि पहाटेच्या सुमाराला परते तेव्हा एडी तिथेच बसलेले असत. त्यांनी स्वतःच मुलाखतीत हे सांगितले आहे. फरक एवढाच, की कॅलिफोर्नियातल्या त्या पलंगावर त्या वेळी दुसरे कोणी झोपायचे नव्हते.

कडेवर बसल्यावर पाठीला पोक येतो, कारण बोटे कुठे पडतात हे वाकून बघावे लागते. याच वेळी जीभ बाहेर येते. सोप्या कॉर्डला ती ओठांच्या आतच राहते, पण एफ कॉर्डला पूर्ण दिसते. या कॉर्डमध्ये तर्जनी पहिल्या पट्टीत (फ्रेटमध्ये) सहाही तारांवर आडवी दाबायची असते, आणि मानेच्या टोकाला तारा दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. गिटार शिकायला घेतलेल्यांपैकी बरेचजण इथेच मावळतात व वाद्य कपाटावर जाते. जे टिकतात त्यांच्या चेहऱ्यावर एफची मुद्रा कायमची उमटते. पुढे ते बरणीचे झाकण उघडतानाही तोच चेहरा करतात.

सरावाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे तारा जुळवणे. जर्मन संगीतज्ञ योहान मात्तेझोन यांनी 1713 सालीच ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या वादकांचा हिशेब मांडून ठेवला होता : ल्यूटवादक ऐंशी वर्षांचा झाला असेल तर त्यातली साठ वर्षे जुळवाजुळवीत गेली असे समजावे. ल्यूटला तारा पुष्कळ, गिटारला सहाच, म्हणजे वेळ वाचायला हवा. तो वाचत नाही, आणि याला वादकाचा कान नव्हे तर गणित जबाबदार आहे. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते षड्ज-गंधाराचे असते. आजच्या समान बारा भागांच्या सप्तकात हा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो टोचतो. वादक जी मेजर छेडतो, दुसरी तार चढी वाटते, तो ती केसभर उतरवतो. मग खात्री करायला सी मेजर छेडतो. आता तीच तार उतरलेली लागते, कारण या कॉर्डमध्ये तिच्यावर गंधार नव्हे, षड्ज वाजतो. पुन्हा खुंटी पिळायची, पुन्हा जी मेजर. ट्यूनरचा हिरवा दिवा सगळे ठीक असल्याचे मघापासून सांगत असतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवला तर पुढचा अर्धा तास करायचे काय हा प्रश्न उरतो. शेवटी तार तुटते आणि तिढा सुटतो. तुटलेली तार टाकून देत नाहीत. ती गुंडाळून नव्या तारेच्या पाकिटात घालतात आणि पाकीट खणात ठेवतात. नव्या तारेचे कापलेले टोक मात्र जमिनीवरच राहते. ते दुसऱ्या दिवशी अनवाणी चालणाऱ्याला सापडते आणि तो माणूस कधीही वादक नसतो.

जुळवणी आटोपल्यावर पहिल्यांदा काय वाजणार हे ठरलेले असते. प्रत्येक वादकाच्या हाताला एक तुकडा चिकटलेला असतो आणि गिटार मांडीवर आली की तो आपोआप बाहेर पडतो. जगभर हा मान डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’कडे जातो. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावचा कॅसिनो जळाला, त्या आगीवरून हे गाणे झाले. बँडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांनी त्याचा सुरुवातीचा तुकडा दोन-दोन तारा बोटांनी एकदम छेडून वाजवला आहे. घरोघरी तो एकाच तारेवर, पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) आणि घाईने वाजतो. महाराष्ट्रात त्या जागी 1983 च्या ‘कलाकार’ चित्रपटातले ‘नीले नीले अंबर पर’ आहे. कॉलेजच्या कट्ट्यापासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत गिटार हातात आलेला माणूस पहिल्या मिनिटात ही सुरावट छेडतो. ज्याला ती येत नाही त्याला गिटार येते असे कोणी मानत नाही.

सुरावट छेडली की गाणे थांबते. घरगुती गिटारवादकाला चाळीसेक गाण्यांची सुरुवात येते आणि एकाचाही शेवट येत नाही. याचे कारण सरावाच्या पद्धतीत आहे. आठव्या मात्रेला बोट चुकते. चुकलेली जागा तेवढी काढून चार-सहा वेळा घासली तर काम दहा मिनिटांत होईल, पण तसे करणे वादकाच्या स्वाभिमानाला रुचत नाही. तो पहिल्यापासून सुरू करतो. आठव्या मात्रेला बोट पुन्हा चुकते. तासाभरात पहिल्या सात मात्रा लखलखीत होतात आणि आठवीवरची चूकही तितकीच पक्की बसते. भिंतीपलीकडच्या काकांना ती इतकी पाठ होते की एखाद्या दिवशी बोट बरोबर पडले तर तेच दचकतात. शास्त्रीय गिटारवादक सेगोव्हिया यांनी 1953 साली मेजर-मायनर स्केल्सचे एक लहानसे पुस्तक काढून दिवसाला दोन तास स्केल्स घोटण्याचा सल्ला दिला. 1990 साली ‘गिटार वर्ल्ड’ मासिकाने रॉक गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या दहा तासांच्या सरावाचा आराखडा छापला. दोन्हींच्या प्रती घरोघर असतात. आराखडा भिंतीवर चिकटवण्यात, रंगीत पेनाने रकाने आखण्यात आणि पहिल्या सोमवारी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करण्यात एक दिवस जातो. मंगळवारचा रकाना कोरा राहतो आणि तो कोरा दिसू नये म्हणून त्यावर कॅलेंडर येते.

लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमशी संबंध तुटक असतात. मेल्झेल नावाच्या यंत्रकाराने 1815 साली पेटंट घेतल्यापासून हे यंत्र अवघड जागी घाईने पुढे जाते आणि सोप्या जागी रेंगाळते, अशी सर्व घरगुती वादकांची तक्रार आहे.

अवघड तुकडा ऐकून उचलायचा तर तो संथ करावा लागतो. जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर 33⅓ बरोबरच 16⅔ फेऱ्यांचीही सोय असे. वेग बरोबर अर्धा झाला की स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणजे सूर तोच राहून फक्त खर्जात जातो, हे वादकांनी लवकरच हेरले. घरात संध्याकाळभर गायिका पुरुषी आवाजात, जडावलेल्या जिभेने गात राही. कॅसेटच्या काळात रिवाइंडचे बटण आधी मऊ होई आणि मग निकामी. आता मोबाइलवर वेग अर्धा केला तरी सूर खाली उतरत नाही, त्यामुळे सराव सुलभ झाला आहे आणि घरातल्यांची मोठी करमणूक गेली आहे.

टीव्हीसमोरचा सराव हा स्वतंत्र प्रकार. क्रिकेटचा सामना लावून, आवाज बंद करून बोटे स्केलवर वरखाली फिरवत ठेवायची. वादकांच्या मते यात हात तयार होतो. प्रत्यक्षात हाताला कसोटी सामन्याची लय लागते. विकेट पडली की वेग अचानक वाढतो आणि पाऊस येऊन खेळ थांबला की वादकही थांबतो.

घर लहान असल्यामुळे आवाजाचा प्रश्न येतो. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात कंप पावते, त्यामुळे पाचव्या तारेचा 110 हर्ट्झचा स्वर खोलीभर घुमतो. मग स्वयंपाकघरातल्या मांडणीवर दोन स्टीलची पातेली एकमेकांना टेकलेली असतील तर तीही झिणझिणतात. वादकाला वाटते, गिटारच कुठेतरी खणखणते आहे. तो खुंट्या तपासतो, पट्ट्या चाचपतो, वाद्य कानाशी धरून हलवतो. गिटार दुरुस्तीला नेली जाते, ठणठणीत ठरून परत येते, आणि मग कोणीतरी पातेली घासायला काढल्यावर रोग बरा होतो.

रात्री इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला न जोडताच वाजवतात. भरीव लाकडाच्या त्या वाद्याचा आवाज मग डासाएवढा उरतो. तो जास्त ऐकू यावा म्हणून वादक हनुवटी गिटारच्या कडेला टेकवतो. कंपने हाडातून थेट कानाच्या आतल्या भागात पोचतात आणि आवाज एकदम भरदार होतो. हनुवटीपेक्षा दात जास्त चांगले काम करतात हा शोध ज्याचा त्याला लागतो. रात्री सव्वाबाराला पाणी प्यायला उठलेली आई दार लोटते. अंधारात मुलगा पलंगाच्या कडेवर वाकलेला, डोळे मिटलेले, तोंडात गिटारचे शिंग. आवाज काहीच नाही. ती थोडा वेळ बघते आणि विचारते, “भूक लागलीय का रे?”

आवाज लपवायचा नसेल तर उलट तो वाढवण्यासाठी न्हाणीघर गाठतात. फरशा आवाज परतवतात आणि साध्या कॉर्डला देवळातल्या गाभाऱ्याचे वजन येते. गायक-गीतकार पॉल सायमन यांनी ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ तरुणपणी आईवडिलांच्या घरातल्या न्हाणीघरात, दिवा मालवून आणि नळ सोडून रचले. पुण्या-मुंबईत नळ सोडून रचना करायची तर आधी पाणी येण्याची वेळ गाठावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळेला न्हाणीघराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून दुसरे कोणीतरी उभे असते.

पिक हरवणे ही सवय नाही, नियती आहे. बारा पिकांचे पाकीट आणले की महिन्याभरात एकही हाताशी नसते. ती पुढे वॉशिंग मशीनच्या जाळीत, सोफ्याच्या फटीत, पावतीच्या घडीत आणि क्वचित देवघरातल्या सुट्ट्या पैशांत सापडतात. मधल्या काळात मुदत संपलेले एटीएम कार्ड कात्रीने कापून वापरतात. मुदत न संपलेलेही कापले गेल्याचे ऐकिवात आहे. नाण्यानेही काम भागते. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर ब्रिटिश सहा पेनीच्या नाण्याने वाजवत आले. त्यांची गिटारही घरगुतीच : 1963 साली वडिलांच्या मदतीने बनवायला घेतलेली, मान जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. 2011 साली चलनातून बाद झालेले 25 पैशांचे नाणे त्यामुळे मराठी वादकाच्या खणात अजून मानाने राहते.

पिक हरवण्याची सर्वांत वाईट जागा गिटारचे पोट ही आहे. सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून ते आत पडते तेव्हा टक्क असा एकच बारीक आवाज होतो आणि वादकाचा हात हवेत रिकामा राहतो. यानंतरचा विधी सगळीकडे सारखाच. गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर पालथी धरायची, भोक जमिनीकडे, आणि हलवायची. (पंखा आधी बंद करावा. बरेचजण नंतर करतात.) आत पिक खुळखुळते. भोकाच्या कडेपर्यंत येते, वादक श्वास रोखतो, ते आतल्या लाकडी पट्टीला अडते आणि मागच्या कोपऱ्यात निघून जाते. मग डावीकडे तिरकी, उजवीकडे तिरकी, एक जोराचा झटका. भोकातून केसांचा आकडा पडतो. पुन्हा झटका : घड्याळाचा सेल, मागच्या वर्षी हरवलेले हिरवे पिक, एक शेंगदाणा. आत गेलेले पिक येत नाही. वादक हिरवे पिक उचलून वाजवायला लागतो, आणि तिसऱ्या कॉर्डला आतले पिक साथ देऊ लागते.

बोटांनी वाजवणाऱ्यांना पिकची ददात नसते. त्यांना नखे असतात. डाव्या हाताची नखे मुळापर्यंत कापलेली, उजव्या हाताची वाढवलेली आणि बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत केलेली. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींचे लक्ष नेमके उजव्या हाताकडे जाते. हा हात घरकामातून बाद असतो. भांडी घासणे, मटार सोलणे, गाठ सोडवणे याला नकार मिळतो. नारळ खवायला तर असा वादक विळीच्या जवळपासही येत नाही. तरीही नख तुटतेच. त्यावर टेबल टेनिसच्या चेंडूचा नखाच्या आकाराचा तुकडा कापून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवणे हा जगभरच्या शास्त्रीय गिटारवादकांचा खरा, अनुभवसिद्ध उपाय आहे. ज्या घरात भाऊ टेबल टेनिस खेळतो तिथे या उपायामुळे तंटे होतात.

गिटार हातात नसतानाही डावा हात थांबत नाही. लोकलच्या दांडीवर, स्कूटरच्या हँडलवर, शेजारी बसलेल्या बायकोच्या मनगटावर कॉर्डची बोटे पडत राहतात. टोकांना घट्टे पडल्यावर बोटांना नवीच विद्या येते. गरम वाटी चिमट्याशिवाय उतरवून दाखवणे हा त्यांचा एकमेव घरगुती उपयोग. मात्र त्या बोटांनी मोबाइलचा फिंगरप्रिंट लागत नाही आणि वादक पुनःपुन्हा बोट पुसत बसतो.

पावसाळ्यात हे सगळे बिनसते. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती 80 च्या वर असते. लाकूड ओल शोषून फुगते, पोट पुढे येते आणि तारा पट्ट्यांपासून उंच उचलल्या जातात. एफ कॉर्ड तेव्हा फक्त तालमीत जाणाऱ्यांनाच लागते. उपाय म्हणून नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या जातात. नातेवाईक खरेदीहून परतले की वादक खोक्यावर झडप घालतो, बूट कसे आहेत हे विचारत नाही. घरातले कपडे पावसात वाळत नाहीत म्हणून दोरीवर पंख्याखाली येतात, आणि त्याच पंख्याखाली, सर्वांत चांगल्या जागी, गिटार असते.

सरावाचे पर्यवसान कधी ना कधी पाहुण्यांसमोर होते. “काहीतरी वाजवून दाखव की रे!” या विनंतीला आधी कारणे येतात : तारा जुन्या झाल्या आहेत, नख तुटले आहे, हवेत ओल आहे. ती सगळी खरी असतात आणि कोणालाच खरी वाटत नाहीत. मग मावशी ‘चुरा लिया’ची फर्माईश करतात. ते गाणे 1973 च्या ‘यादों की बारात’मधले, सुरुवातीला काचेच्या ग्लासाची किणकिण आणि मागोमाग गिटार, जी पुढे गझलगायक म्हणून गाजलेल्या भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे. वादकाला ही सुरुवात उत्तम येते. वडील चमच्याने पाण्याच्या ग्लासावर ठोका देतात, वादक आठव्या मात्रेपर्यंत सफाईने पोचतो, मावशी मान डोलावत श्वास भरून घेतात आणि गायला तोंड उघडतात. गिटार तेवढ्यात थांबते. मावशी मात्र पट्टीच्या असतात. त्या दोन्ही कडवी टाळीवर म्हणून टाकतात.